बस्ता कुठे बांधायचा, हे कोण ठरवतं?

बेलवलीतल्या एखाद्या घरात लग्न ठरलं की पहिला वाद बस्त्यावरून होतो. नवरीचा शालू दादरलाच घ्यायचा, हा आत्याचा हट्ट. आहेराच्या साड्या ढिगाने घ्यायच्या तर उल्हासनगरशिवाय पर्याय नाही, हे काकूचं मत. नवरदेवाला आणि त्याच्या मित्रांना ठाण्याचा मॉल हवा असतो. दागिने कल्याणच्या नाहीतर डोंबिवलीच्या ठरलेल्या सराफाकडे, किराणा बदलापुरातल्या नेहमीच्या वाण्याकडे, आणि हार-फुलं, केळीचे खांब, भाजी हे सगळं आयत्या वेळी स्टेशनबाहेरून. एका लग्नाचा पैसा असा चार-पाच शहरांत वाटला जातो. कुठल्या बाजाराच्या वाट्याला किती येणार हे मालावर आणि भावावर ठरतं, असं दुकानदार मानतात. घरातल्या चर्चेकडे कान दिला तर मात्र वेगळंच ऐकू येतं. एवढ्या पिशव्या घेऊन संध्याकाळच्या गाडीत चढणार कसं? रविवारी मेगाब्लॉक तर नाही? स्टेशनपासून दुकान किती लांब? येताना रिक्षा मिळेल का? साडीच्या काठपदरापेक्षा जास्त वेळ या प्रश्नांवर जातो.

माझं म्हणणं एवढंच आहे की, आपल्याकडे बाजारपेठांची स्पर्धा दुकानात कमी आणि दुकानाच्या वाटेवर जास्त होते. त्या वाटेतही लांबचा पल्ला फारसा निर्णायक नसतो. घर ते स्टेशन आणि स्टेशन ते दुकान हे दोन लहान तुकडेच पारडं फिरवतात. नेमके हेच तुकडे कोणी मोजत नाही. बाजाराचा विषय निघाला की नगरपालिका आणि व्यापारी या दोघांच्याही डोळ्यांसमोर गाडी लावायला जागा शोधणारा ग्राहक येतो. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालणारी बाई येत नाही, आणि रात्री शटर ओढून घरी निघालेला नोकर तर नाहीच नाही.

आधी जागा समजून घेऊ. बेलवली बदलापूर पश्चिमेला, रेल्वेच्या बाजूने वसलेली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर सुमारे ६८ किलोमीटर, कल्याणपासून साधारण १४. अंबरनाथ आठेक किलोमीटरवर, उल्हासनगर दहाच्या आसपास. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ९८ हजार होती, ती २०११ मध्ये १ लाख ७४ हजारांवर गेली. स्वस्त घरासाठी आलेली आणि कामासाठी रोज बाहेर जाणारी कुटुंबं या वाढीत मोठ्या संख्येने आहेत. शहर वाढलं तशी पूर्वेला कुळगाव-कात्रपच्या बाजूला नवी दुकानं उभी राहिली. पश्चिमेची बाजारपेठ तिच्या जागी राहिली. मध्ये रूळ. ते ओलांडायला उड्डाणपूल, पादचारी पूल आणि बेलवलीचा भुयारी मार्ग. जोराचा पाऊस झाला की भुयारी मार्गात पाणी साचतं आणि नकाशावर हाकेच्या अंतरावर असलेलं पूर्वेचं दुकान पश्चिमेच्या माणसाला एकदम लांब पडतं. त्या दिवशी दुकानात माल तोच असतो आणि भावही तोच असतो, तरी गिऱ्हाईक फिरकत नाही.

बाजार माणसांना कसा ओढतो याचं गणित मांडण्याचा प्रयत्न जुना आहे. विल्यम रायली या अमेरिकन अभ्यासकाने १९३१ साली किरकोळ व्यापाराच्या गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडला. मधल्या गावातलं गिऱ्हाईक दोन शहरांत कसं वाटलं जाईल, तर शहरांच्या लोकसंख्येच्या सम प्रमाणात आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. हा नियम बदलापूरला लावून पाहू. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाखांच्या किंचित वर, कल्याण-डोंबिवलीची साडेबारा लाखांच्या जवळ. अंतरं दहा आणि चौदा किलोमीटर. हिशेब केला तर उल्हासनगरच्या सव्वापट गिऱ्हाईक कल्याणने ओढायला हवं. पण काकूला हे गणित पटणार नाही. तिला कल्याण-डोंबिवलीत किती लोक राहतात याच्याशी कर्तव्य नाही. एकाच रांगेत किती साड्यांची दुकानं आहेत, घाऊक भाव मिळतो का, आणि गठ्ठा घेऊन परत कसं यायचं, हे तिचे प्रश्न. पुढे १९६० च्या दशकात डेव्हिड हफ यांनी हे गणित सुधारलं. शहराच्या लोकसंख्येऐवजी त्यांनी दुकानाचा आकार घेतला, अंतराऐवजी प्रवासाला लागणारा वेळ घेतला, आणि ग्राहक अमुक ठिकाणी जाईलच असं न म्हणता जाण्याची शक्यता किती, असं विचारलं. हे वास्तवाच्या जास्त जवळ जाणारं होतं. तरी दोघांच्याही मांडणीत एक गृहीतक दडलेलं आहे. ग्राहक घरातून निघतो, खरेदी करतो आणि घरी परततो.

आपल्याकडचा मोठा ग्राहकवर्ग असा निघतच नाही. तो कामावरून परततो. सकाळी सातच्या सुमारास घर सोडलेली बाई संध्याकाळी बदलापूरला उतरते, पुलावरून खाली येते, मेथीची जुडी, पाव किलो मिरची, मुलासाठी वही घेते आणि रिक्षाच्या रांगेत उभी राहते. तिच्या हिशेबी ही खरेदीसाठी केलेली वेगळी फेरी नाहीच; घरी जाण्याच्या वाटेवरचा तो एक थांबा आहे. गाडीतल्या गाडीतही बाजार भरलेला असतोच. महिलांच्या डब्यात क्लिपा, कानातली, रुमाल विकणाऱ्या बाया, आणि वांगणीहून येणारे दृष्टिहीन विक्रेते. १९८९ च्या रेल्वे कायद्याने विनापरवाना विक्रीला बंदी आहे, तरी हा बाजार चालतो, कारण गिऱ्हाईकाच्या वाटेवर जाऊन उभं राहण्याची व्यापाराची युक्ती त्याने अगदी टोकाला नेलेली आहे. म्हणून या पट्ट्यातली खरी चुरस एका स्टेशनाच्या दाराशी असलेल्या बाजाराची दुसऱ्या स्टेशनाच्या दाराशी असलेल्या बाजाराशी आहे. नोकरदार आणि ग्राहक अशी दोन माणसं आपण कागदावर वेगळी काढतो. गाडीतून उतरताना ती एकच असतात.

उल्हासनगरचा इतिहास याचीच साक्ष देतो. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत लाखाच्या आसपास सिंधी निर्वासित आले. १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. शेती मागे राहिलेली, गिऱ्हाईक ओळखीचं नाही, भांडवल तुटपुंजं. मग अनेकांनी गाड्यांमध्ये आणि रस्त्याकडेला माल विकून सुरुवात केली. पुढे घरोघरी शिवणयंत्रं आली, कॅम्पाकॅम्पांत कारखाने निघाले, जपानी मार्केट आणि गजानन मार्केट कपड्यांसाठी नावाजले, फर्निचरचा बाजार उभा राहिला, जीन्सचा धंदा वाढला. ठाणे-रायगड जिल्ह्यांतले छोटे दुकानदार इथून माल उचलू लागले. एका जातीच्या मालाची दुकानं एकमेकांना खेटून असली की ग्राहकाचा फिरण्याचा त्रास वाचतो, हे त्यामागचं साधं कारण. एका दुकानात जमलं नाही तर शेजारच्यात, तिथेही नाही तर समोर. एवढी निवड एका फेरीत मिळणार असेल तर दहा किलोमीटरचा प्रवास माणूस आनंदाने करतो.

पण उल्हासनगरलाही शेवटच्या तुकड्याची अडचण आहेच. शहर पाच कॅम्पांत पसरलेलं. त्याला उल्हासनगर, विठ्ठलवाडी आणि शहाड अशी वेगवेगळ्या बाजूंची स्टेशनं. त्यांतलं शहाड कसाऱ्याच्या मार्गावर, म्हणजे बदलापूरकराला कल्याणला गाडी बदलायला लावणारं. स्टेशनवरून कपड्यांच्या बाजारात जायचं तर बहुतेकदा शेअर रिक्षा. महापालिकेची बससेवा मध्ये बरीच वर्षं बंद होती. अलीकडे विजेवरच्या बसने ती पुन्हा सुरू झाली. ज्या शहराचं पोट बाहेरगावच्या गिऱ्हाईकावर चालतं, त्या शहराने स्टेशन ते बाजार ही वाट इतकी वर्षं रिक्षाच्या भरवशावर सोडावी, हे नवल आहे.

आता ओझ्याकडे वळू. शहरांच्या वाहतुकीच्या आराखड्यांत माणसं मोजली जातात, त्यांच्या हातातल्या पिशव्या कोणी मोजत नाही. बाजाराची हद्द मात्र पिशवीच ठरवते. पलंग उल्हासनगरहून घेतला तरी चालतो, कारण तो छोटा हत्ती टेम्पोतून थेट दारात येतो. चार साड्या दादरहूनही आणता येतात. पण बारा साड्या, दोन चादरी आणि मुलांचे कपडे असा ऐवज घेऊन संध्याकाळी सहानंतर विठ्ठलवाडीला किंवा उल्हासनगरला बदलापूर लोकलमध्ये चढून दाखवा! मुंबईहून भरून आलेली गाडी कल्याणला थोडी रिकामी होते आणि तिथेच पुन्हा भरते. म्हणून बदलापूरच्या बायका दुपारी बारा-एकला निघतात आणि पाचच्या आत परततात. जिला दुपार मोकळी नाही, म्हणजे जी स्वतः नोकरी करते, तिच्यासाठी उरतो रविवार. आणि रविवार हा मेगाब्लॉकचा वार. रुळांची दुरुस्ती कधीतरी व्हायलाच हवी, आणि कार्यालयं बंद असताना ती करणं रेल्वेच्या दृष्टीने शहाणपणाचंच. पण त्या वेळापत्रकामागे एक समजूतही आहे. कामावर जाणं म्हणजे खरा प्रवास, आणि बाजारात जाणं ही हौस.

ही समजूत सरकारी आकड्यांतही दिसते. २०११ च्या जनगणनेने शेती आणि घरगुती उद्योगाबाहेरच्या कामगारांना विचारलं की कामाची जागा किती लांब आहे आणि तुम्ही तिथे कशाने जाता. बाजारात कशाने जाता, हे कोणाला विचारलं नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्या बिनपगारी कामांत गुंतलेल्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि अशी कामं करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं दिसलं. घरासाठीची खरेदी याच कामांत मोडते. म्हणजे जी फेरी मुख्यतः बाईच्या वाट्याला येते, तीच आपल्या नियोजनाच्या वहीत नोंदली जात नाही.

गल्ल्याच्या अलीकडे उभा असलेला माणूसही याच वहीतून सुटलेला आहे. उल्हासनगरच्या साडीच्या दुकानात घड्या उलगडून दाखवणारी मुलगी बदलापूरहून किंवा वांगणीहून आलेली असू शकते. बदलापूरच्या दुकानातला पोरगा नेरळहून. तिचा हिशेब मांडून पाहा. शेअर रिक्षाला जाऊन-येऊन दिवसाचे तीस रुपये धरले, तर महिन्याच्या सव्वीस दिवसांचे ७८० होतात. एवढ्या जवळच्या अंतराचा लोकलचा दुसऱ्या वर्गाचा पास याच्या कितीतरी खाली येतो. म्हणजे दहा किलोमीटरच्या रेल्वेपेक्षा दोन किलोमीटरची रिक्षा तिला महाग पडते. मग ती चालते. सकाळी चालणं ठीक आहे. रात्री साडेनऊला दुकान आवरून, अर्धा-पाऊण तासाने बदलापूरला उतरल्यावर रिक्षाची रांग विरळ झालेली असते, आणि चौथी सीट भरल्याशिवाय रिक्षा हलत नाही.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याने दुकानं चोवीस तास उघडी ठेवायला परवानगी दिली. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रियांना काम द्यायचं तर त्यांची संमती, सुरक्षितता आणि घरापर्यंतच्या प्रवासाची सोय अशा अटी घातल्या. अटी चांगल्या आहेत. पण हा कायदा आला तो दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी, आणि आपल्या बाजारपेठा उभ्या आहेत तीन-चार नोकरांच्या दुकानांवर. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात दुकान उशिरापर्यंत चालू असतं आणि मालकाचा वर्षाचा नफा ठरतो. त्याच पंधरवड्यात त्या मुलीचा घरी जाण्याचा रस्ता सगळ्यांत अवघड असतो. ज्या बाजाराला आपल्या नोकरांना वेळेवर घरी पोचवता येत नाही, त्याला चांगले नोकर टिकवताही येत नाहीत, हे व्यापाऱ्यांनी धर्मादाय म्हणून नव्हे, धंदा म्हणून समजून घ्यायला हवं.

मग व्यापारी संघटना मागणी कशाची करतात? पार्किंगची. गाडी लावायला जागा नाही म्हणून गिऱ्हाईक मॉलकडे वळतं, हे वाक्य कुठल्याही बाजारपेठेत ऐकायला मिळेल. दुकानदार खोटं बोलत नाही. दारात उभ्या राहून वाट अडवणाऱ्या गाड्या त्याला दिसतात, चालत आलेलं गिऱ्हाईक गर्दीत विरघळतं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात सस्ट्रान्स या संस्थेने २००६ मध्ये ग्लॉस्टर रोडवरच्या दुकानदारांना विचारलं, तुमची किती गिऱ्हाइकं मोटारीने येतात? त्यांचा अंदाज ४१ टक्के निघाला. प्रत्यक्षात २२ टक्के येत होती. टोरंटोच्या ब्लूर स्ट्रीटवर २००९ च्या अभ्यासात मोटारीने येणारे दहा टक्क्यांच्या आसपास भरले. हे अशा देशांत, जिथे घरटी गाडी असते. बदलापूरच्या स्टेशनबाहेरच्या बाजारात हा आकडा काय निघेल? कोणी मोजलेला नाही. पण मोजल्याशिवाय त्यावर रस्त्याची रुंदी खर्च केली जाते.

एक मोटार लावायला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर जागा लागते. एक कुटुंब तीत दोन तास गाडी ठेवून खरेदी करील. तेवढ्याच जागेतून दर तीन मिनिटांनी तीन प्रवाशांची एक रिक्षा सुटली तर दोन तासांत एकशेवीस माणसं बाजारात येतील-जातील. गाडीवाला जास्त खर्च करतो, हा यावरचा नेहमीचा प्रतिवाद. त्यात तथ्य आहे, पण अर्धवट. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात केली क्लिफ्टन यांच्या चमूने २०१२ मध्ये याचा अभ्यास केला. सुपरमार्केटमध्ये मोटारीने येणारे खरोखरच जास्त खर्च करत होते. उपाहारगृहं आणि छोट्या दुकानांत मात्र सायकलने येणारे एका फेरीत थोडा कमी खर्च करत, पण वारंवार येत, आणि महिन्याची बेरीज त्यांचीच मोठी भरे. पोर्टलंडचा आकडा बदलापूरला जसाच्या तसा लावता येणार नाही. भेद मात्र कामाचा आहे. महिन्याचा किराणा एकदम भरणारं कुटुंब गाडी काढणारच, आणि त्याला मोठं सुपरमार्केट सोयीचं पडणारच; त्या लढाईत जुन्या पेठेने उतरू नये. रोज जाता-येता थांबणारं गिऱ्हाईक ही पेठेची ताकद आहे. पार्किंगसाठी पदपथ खाऊन ती तेच गिऱ्हाईक हाकलते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. स्टेशनबाहेरची गर्दी धोकादायक असते. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, माणसं गेली. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकांपासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाल्यांना बसू देऊ नये असं स्पष्ट केलं. पुलाच्या तोंडाशी टोपल्या असू नयेत, याबद्दल दुमत नाही. पण दीडशे मीटरची रेघ आखली म्हणून घरी परतणाऱ्या बाईची भाजीची गरज दीडशे मीटर पुढे सरकत नाही. संध्याकाळी फेरीवाले हटवणारं पथक परतलं की टोपल्या परत येतात, त्या याच कारणाने. पावसाळ्यात आसपासच्या पाड्यांवरून रानभाज्या आणि उन्हाळ्याच्या शेवटी जांभळं घेऊन येणाऱ्या बायका कुठे बसणार? बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं, ते विकणारीला बसायला हक्काची जागा मिळाली नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याची आणि त्यासाठी नगर पथविक्रेता समिती नेमण्याची तरतूद केलेली आहे. त्या समितीपुढचा खरा प्रश्न असा आहे. प्रवाशांचा लोंढा मोकळा राहील, पण त्याच्या वाटेपासून बाजार तुटणार नाही, अशी जागा नेमकी कोणती? उत्तर द्यायला लोंढा कुठून कुठे जातो हे माहीत हवं.

घरपोच मागवण्याच्या जमान्यात हे सगळं निरर्थक आहे, असंही कोणी म्हणेल. मोबाइलवरून मागवलं म्हणून प्रवास संपत नाही. ग्राहकाऐवजी पोचवणारा मुलगा तो करतो. भुयारी मार्गातलं पाणी आता त्याच्या दुचाकीला आडवं येतं. शिवाय बस्ता अजून फोनवर बांधला जात नाही. कापड हाताला लागल्याशिवाय आत्या मान हलवत नाही.

खरी अडचण कारभाराच्या हद्दींची आहे. १९८३ साली कल्याण महापालिका झाली तेव्हा अंबरनाथ आणि बदलापूर तिच्यात होते. १९९२ मध्ये ते बाहेर पडून त्यांच्या नगरपरिषदा झाल्या. उल्हासनगरची महापालिका वेगळी. स्थानिक कारभार जवळ आला हे चांगलंच झालं, पण बाजाराला जाणारी बाई एका फेरीत तीन संस्थांच्या हद्दी ओलांडते आणि तिचा प्रवास कोणाच्याच अखत्यारीत पूर्ण बसत नाही. रेल्वे स्वतःच्या दारापर्यंत पाहते, पालिका दाराबाहेरचं पाहते, रिक्षाचे दर तिसरीकडे ठरतात. म्हणून कुठलीही एक संस्था आपली बाजारपेठ सुधारायला निघते तेव्हा तिच्या हातात येतं ते पार्किंग, कारण तेवढंच तिच्या हद्दीत बसतं.

यावर पहिला उपाय फार स्वस्त आहे. तिन्ही संस्थांनी, व्यापारी संघटनांनी आणि इथल्या महाविद्यालयांनी मिळून एक साधी पाहणी करावी. एक कामाचा दिवस, एक रविवार आणि दिवाळीआधीचा एक दिवस. बदलापूरच्या दोन्ही बाजू, अंबरनाथ आणि उल्हासनगरचे बाजार. ग्राहकाला विचारायचं, कुठून आलात, कशाने आलात, कामावरून परतताना की घरून, हातात किती ओझं, महिन्यातून किती वेळा येता. नोकराला विचारायचं, घर कुठे, सुटता किती वाजता, पोचता किती वाजता. या उत्तरांवरून भुयारी मार्गाचा पंप, रात्रीची बस, रिक्षाचा थांबा, पिशवी टेकवायला कट्टा आणि बायकांसाठी स्वच्छतागृह यांतलं आधी काय हे ठरवता येईल.

ही पाहणी आत्ताच का, यालाही कारण आहे. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं काम हाती घेतलेलं आहे आणि अंबरनाथ-बदलापूरच्या मध्ये चिखलोली हे नवं स्थानक ठरलेलं आहे. ते सुरू झालं की रिक्षांचे मार्ग बदलतील, त्यामागोमाग दुकानांची भाडी बदलतील, आणि आज बदलापूरला उतरणारं काही गिऱ्हाईक एक स्टेशन अलीकडेच उतरेल. कोणाचा धंदा वाढेल आणि कोणाचा बसेल, यावर तेव्हा खूप भांडणं होतील. आधीची नोंद हाताशी नसेल तर त्या भांडणात ज्याचा आवाज मोठा त्याचंच खरं ठरेल. आणि पेठेत पार्किंग मागणाऱ्याचा आवाज नेहमीच पिशवी घेऊन चालणारीपेक्षा मोठा असतो.